गजाचा आवाज

सह्याद्रीच्या पायथ्याशी, तळकोकणातल्या एका वाडीत तात्यांचं घर होतं. घराला लांब पडवी होती आणि पडवीच्या भिंतीत, माणसाच्या डोक्याहून हातभर उंच, दोन खुंट्या होत्या. त्या खुंट्यांवर तात्यांच्या वडिलांच्या वेळची ठासणीची बंदूक आडवी टांगलेली असे.

वाडीत अशा सहा बंदुका होत्या. त्या शिकारीच्या नव्हत्या. 1972 च्या कायद्यानं शिकार बंद झाली, हे वाडीतल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. परवाने होते ते शेतीच्या राखणीचे. भात पिवळं पडू लागलं की डोंगरातून रानडुकरं उतरायची आणि चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत लोळवून जायची. माकडं कोवळे नारळ पाडायची. म्हणून घरटी एक माणूस रात्री शेतातल्या मांगरात जाऊन बसायचा. पत्र्याचा डबा बडवायचा, आरोळ्या द्यायचा, आणि कशानंच भागलं नाही तर बार काढायचा.

दिवेलागणीनंतर ही बंदूकवाली माणसं तात्यांच्या पडवीत जमायची. पलटणीतून पेन्शनीत आलेले हवालदार यायचे. शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी यायचे. दस्त्याला चीर गेली तर बेमालूम बुजवून देणारा सुतार यायचा. शेजारचा बाबी तर आपल्या घरी फक्त जेवायला नि झोपायला जायचा, असं त्याची आई म्हणायची.

बोलणं बंदुकीवरून सुरू व्हायचं आणि कधी घरावर यायचं ते कळायचं नाही. बाबी म्हणायचा, यंदा पाऊस लांबला, दारू सर्दावली, बार फुसका जातो. सुतार म्हणायचा, दारूचा डबा चुलीच्या वरच्या फळीवर ठेवत असशील तर आधी तो तिथून काढ, तुझी आई रोज तिथं पेज शिजवते. मग बोलणं बाबीच्या आईच्या गुडघेदुखीवर जायचं. तिथून तालुक्याच्या डॉक्टरवर, तिथून हवालदारांच्या मुलीच्या लग्नावर, आणि लग्नात किती पानं उठतील ते मोजून झालं की पुन्हा बंदुकीवर.

गुरुजींना सगळं मुळापासून सांगायची आवड. काडतुसाच्या बंदुकीला बाराबोर का म्हणतात, ते त्यांनी एका संध्याकाळी समजावलं. एक पौंड शिसं घ्यायचं, त्याच्या बारा सारख्या गोळ्या करायच्या. त्यातली एक गोळी ज्या नळीत चपखल बसते, ती बाराबोर. सोळा गोळ्या केल्या तर गोळी लहान, नळी बारीक, ती सोळाबोर. "म्हणजे आकडा वाढला की भोक लहान?" बाबीनं विचारलं. "होय," गुरुजी म्हणाले, आणि बाबी बराच वेळ बोटांवर हिशोब करत बसला. दारूचंही त्यांनीच सांगितलं होतं. शंभर भागांत पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा कोळसा, दहा गंधक. आणि 1959 च्या शस्त्र कायद्यात पीक राखणाऱ्याच्या ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख वेगळा, नाव घेऊन केला आहे, हे सांगताना त्यांचा आवाज थोडा भरदार व्हायचा. आपल्यासारख्यांची कुणीतरी आठवण ठेवली, असं सगळ्यांना वाटायचं.

हवालदार पलटणीतल्या गोष्टी सांगायचे. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला ते पोरसवदा वयात भरती झाले होते. फायरिंग संपलं की रांगेत उभं राहायचं आणि हुकूम यायचा, 'निरीक्षण के लिए, जाँच शस्त्र.' रायफल उघडून दाखवल्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही. रंगरूट असो की वीस वर्षं नोकरी झालेला जवान, हुकूम एकच. हवालदार तो हुकूम पडवीत असा खणखणीत देऊन दाखवायचे की गोठ्यातली गाय मान वर करायची.

या सगळ्यांत बंदुकीची जाण म्हणाल तर तात्यांची. त्यांची नळी कधी गंजली नाही. मृगापूर्वी ती कढत पाण्यानं धुऊन, वाळवून, तेल पाजून ठेवलेली असे. अंधारात, नुसत्या हातानं ते बार भरत. आधी मापाची दारू, मग काथ्याचा बोळा, तो गजानं ठासायचा, वर छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा गज. शेवटी केप, म्हणजे घोडा आपटला की ठिणगी देणारी छोटी टोपी.

वडिलांनी त्यांना पोरवयात दोन गोष्टी शिकवल्या होत्या. पहिली, नळीचं तोंड माणसाकडे कधीच नको. दुसरी, खुंटीवरून बंदूक काढलीस की आधी गज टाक. काडतुसाची बंदूक मोडून आत बघता येतं. ठासणीच्या बंदुकीत बघायला काही नसतं. तिला कानानं विचारावं लागतं. उभ्या नळीत लोखंडी गज सोडला आणि तो तळाला टणकन वाजला, तर बंदूक रिकामी. थप असा मेलेला आवाज आला आणि गज चार बोटं वर राहिला, तर आत बार आहे.

पहिली गोष्ट तात्यांच्या हाडात मुरली होती. दुसरी हळूहळू सुटली. पन्नास वर्षं बंदूक त्यांच्या एकट्याच्या हातची. आपणच भरायची, आपणच उडवायची, आपल्यालाच ठाऊक. गज टाकून विचारायचं कुणाला आणि कशाला?

पुढे मुलगा कर्ता झाला. परवान्यावर त्याचंही नाव आलं. राखणीला तो जाऊ लागला. त्याचं लग्न झालं, सून आली, चार वर्षांत पडवीत एक नात रांगून उभी राहून धावूही लागली. सगळे तिला छोटी म्हणत. पडवीत माणसं जमली की ती मधोमध आपली भातुकली मांडून बसायची.

सुनेच्या माहेरी बंदूक नव्हती. तिला घोडा म्हणजे काय, चाप म्हणजे काय, काही ठाऊक नव्हतं. चहाचे कप घेऊन ती बाहेर यायची, आणि बंदूक खुंटीवरून उतरलेली दिसली की उंबऱ्यात थांबून विचारायची, "तात्या, रिकामी आहे ना?"

"रिकामी आहे गो," तात्या म्हणायचे. मग ती कप घेऊन पुढे यायची.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. पडवीतली माणसं हसू लागली. बाबी तर ती उंबऱ्यात दिसली की तिच्या आधीच म्हणायचा, "रिकामी आहे, रिकामी आहे, चहा आण." ती रागवायची नाही. पण तात्यांनी 'रिकामी आहे' म्हटल्याखेरीज पुढेही यायची नाही.

एकदा पलीकडच्या गावचे एक मोठे बागायतदार आले होते. त्यांच्याकडे दोन नळ्यांची विलायती बंदूक होती. तात्यांच्या बंदुकीची कीर्ती ऐकून ते मुद्दाम बघायला आले होते. तात्यांनी बंदूक उतरवली, धोतराच्या सोग्यानं दस्ता पुसला आणि पाहुण्यांच्या हातात दिली. तेवढ्यात उंबऱ्यातून आवाज आला, "तात्या, रिकामी आहे ना?"

पाहुणे हसले. म्हणाले, "घरात तपासनीस ठेवलाय वाटतं."

तात्यांचा चेहरा उतरला. पाहुणा उठून जाईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग आत वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पन्नास वर्षं ही बंदूक मी हाताळतो. तुझं वय त्याच्या निम्मं. पुन्हा मला विचारायचं नाही. तू तुझी चूल बघ."

सुनेनं मान हलवली. कप गोळा केले आणि ती आत गेली.

त्या दिवसापासून तिनं विचारणं सोडलं. चहा यायचा, कप यायचे, शब्द यायचा नाही. "आता शहाणी झाली," बाबी म्हणाला. हवालदारांनीही मान डोलावली. तात्यांना बरं वाटलं. फक्त एक झालं. बंदूक खाली उतरली की छोटी पडवीतून उठून जाऊ लागली. कधी तिला भूक लागलेली असायची, कधी झोप आलेली असायची, कधी आई तिचे पाय धुवायला न्यायची. लहान पोर ते. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

फाल्गुन गेला, पावसाळा गेला. कार्तिकात भात कापणीला आलं आणि डुकरांनी दोन रात्रींत खालची कुणगी नासवली. तिसऱ्या रात्री मुलगा राखणीला गेला. बार भरून, केप चढवून मांगरात जागत बसला. त्या रात्री डुकरं आलीच नाहीत.

पहाटे तो घरी निघाला. भरलेली ठासणीची बंदूक रिकामी करायची तर सरळ उपाय एकच, बार उडवायचा. पण वाडी झोपलेली होती, आणि शेजारच्या घरी बारा दिवसांची बाळंतीण होती. म्हणून त्यानं केप काढून खिशात टाकली, बंदूक खुंटीवर ठेवली आणि तात्या उठले की सांगू असं मनाशी म्हणाला. तात्या तेव्हा माडांना पाणी लावायला गेले होते. सहाची एसटी चुकली असती, म्हणून मुलगा तोंडावर पाणी मारून धावत सुटला. तालुक्याला त्याचं काम लांबलं. बंदुकीची आठवण त्याला दिवसभर झाली नाही.

संध्याकाळी पडवी भरली. केप ज्यावर बसते तो तुकडा झिजला होता, म्हणून तात्यांनी आठवड्यापूर्वीच तो नवा बसवून घेतला होता. सुतारानं तो बघायला मागितला. तात्यांनी बंदूक उतरवली. आतून सून आली, कप ठेवले, भातुकली मांडून बसलेल्या छोटीला काखेत उचललं आणि ती आत गेली.

"आता केप कशी कडक फुटते बघ," तात्या म्हणाले. नुसती केप फोडून बघायची त्यांची जुनीच रीत होती. त्यांनी डबीतली केप काढून बसवली, घोडा चढवला, आणि पन्नास वर्षांच्या सवयीनं नळीचं तोंड माणसांवरून काढून छपराकडे केलं. मग चाप ओढला.

पडवी हादरली. पांढऱ्या धुरात कुणाला कुणी दिसेना. कौलं फुटून खाली आली, वर आकाशाचा एक तुकडा दिसू लागला. गाय दावं तोडून पळाली. थोड्या वेळानं धूर विरला तेव्हा सगळे आपापल्या जागी होते, कुणाला ओरखडाही नव्हता. पण पडवीच्या मधोमध एक अख्खं मंगळुरी कौल, दोन-अडीच किलोचं, छोटीच्या भातुकलीवर पडलं होतं. खाली मातीची चूल चुरडली होती.

तात्यांना आवाज फुटेना. कसेबसे म्हणाले, "छोटी?"

आतून सुनेचा आवाज आला. "माझ्याजवळ आहे."

त्या रात्री पडवीत कुणी बसलं नाही. जेवणं झाली. तात्या जेवले नाहीत. घर निजल्यावर ते स्वयंपाकघरात आले. सून निखाऱ्यांवर राख ओढत होती. तात्या पाटावर बसले. ते स्वयंपाकघरात येऊन असे कधी बसले नव्हते.

"आज तू विचारलं नाहीस," ते म्हणाले.

"तुम्हीच नको म्हणालात."

"मग पोरीला उचललीस कशी? तुला ठाऊक होतं बार भरलेला आहे?"

"नाही तात्या. मला बंदुकीतलं काय ठाऊक असणार? ठाऊक नसायचं म्हणून तर विचारत होते. तुम्ही रिकामी म्हणालात की मला पटायचं, मी छोटीला तिथंच बसू द्यायची. विचारायचं बंद झालं तेव्हापासून बंदूक खाली आली की मी तिला आत आणते. रोजच आणते."

तात्या निखाऱ्यांकडे बघत राहिले. किती महिने झाले ते त्यांनी मनात मोजलं. फाल्गुन ते कार्तिक. इतके महिने आपण बंदूक हातात घेतली की आपली नात आपल्यापासून उचलून नेली जात होती, आणि आपण समजत होतो की तिला झोप आली.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. सगळं ऐकून तो पडवीच्या पायरीवरच बसला. "चूक माझी," म्हणाला. "मी सांगायला विसरलो."

"तुझी आहेच," तात्या म्हणाले. "पण माणूस विसरतो. तू विसरलेलं तिनं एका प्रश्नात शोधून काढलं असतं. तो प्रश्न मी बंद केला."

कौलं बदलली. मग तात्यांनी भिंतीत तिसरी खुंटी मारली आणि तिच्यावर गज टांगला, बंदुकीच्या अगदी लगत. संध्याकाळी माणसं जमली. चेहरे पडलेले होते. तात्यांनी बंदूक उतरवली, दस्ता जमिनीवर टेकवून नळी उभी धरली आणि गज सोडला. टणकन आवाज झाला.

"ऐकू आला का गो?" त्यांनी आत हाक दिली.

क्षणभर काही नाही. मग स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "आला."

थोड्या वेळानं छोटी बाहेर आली. तिच्या हातात नवी मातीची चूल होती.

त्या दिवशी कुणी हसलं नाही. हवालदार म्हणाले, "जो हुकूम मी रोज इथं बसून ऐकवला, तो या पडवीत एकटी सूनबाई पाळत होती. आणि तिला हसणाऱ्यांत मी होतो." बाबी काही बोलला नाही. उठून घरी गेला आणि आपल्या आईला विचारून आला की तिला गजाचा आवाज चुलीपाशी ऐकू येतो का. म्हातारीला कमी ऐकू यायचं. तेव्हापासून बाबी गज टाकण्याआधी आईला हाताला धरून बाहेर आणून बसवू लागला. हळूहळू सहाही घरांत तिसरी खुंटी आली.

पुढच्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं ऑलिम्पिकमध्ये रायफलीत कांस्यपदक मिळवलं, तेव्हा पडवीत पेढे वाटले. गुरुजींनी सांगितलं की त्या स्पर्धांत नेम धरायची वेळ नसेल तेव्हा रायफलीत भडक रंगाची खूण घालून ठेवावी लागते, बंदूक रिकामी आहे हे लांबूनही कुणालाही दिसावं म्हणून. जगातल्या सगळ्यांत चांगल्या नेमबाजांनाही ती घालावीच लागते. तात्यांनी ते दोनदा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा सुनेला बाहेर बोलावून.

ही गोष्ट मला त्याच वाडीच्या पडवीत बसून ऐकायला मिळाली. बंदूक सगळ्या घरांत नसते. पण 'मला विचारू नकोस' असं बजावून बसलेलं एक माणूस पुष्कळ घरांत असतं. कुणी गाडी चालवतं, कुणी घराचे पैसे सांभाळतं, कुणी औषधाच्या गोळ्या मोजतं. त्याला वाटतं, विचारणारा आपल्या हाताची पारख करतो आहे. विचारणारा तर त्याच्याजवळ बसून राहण्याची परवानगी मागत असतो. त्याला गप्प केलं की तो भांडत नाही. लेकराला उचलतो आणि आत जातो.

2024 साली वाडीच्या बंदुका दोनदा पोलीस ठाण्यात जमा झाल्या. आधी लोकसभेला, मग विधानसभेला. दुसऱ्या खेपेला भात कापणीत होतं, तरी सगळे गेले. ठाण्याच्या व्हरांड्यात रांग लागली. पहिला नंबर तात्यांच्या मुलाचा होता. पावती फाडायच्या आधी त्यानं नळी उभी धरली, गज सोडला आणि टेबलापलीकडच्या शिपायाला विचारलं, "ऐकू आला ना?" मागच्या पाच जणांनी तेच केलं.

तात्या त्या दिवशी घरी होते. रिकाम्या खुंट्यांखाली छोटीला मांडीवर घेऊन बसले होते.